तो कोणाचे पाय धुतो?

मुलांनो, "तुमचा आदर्श कोण?" असं विचारलं तर तुम्ही कोणाचं नाव घ्याल? आपल्या वर्गात मला बहुतेक वेळा फुटबॉलपटू आणि यूट्यूबर यांची नावं ऐकू येतात. त्यात चूक काही नाही. मीही तसाच होतो.

मी अहमदनगरच्या एका ख्रिस्ती घरात वाढलो. शाळेत असताना एक क्रिकेटपटू माझा हिरो होता. त्याचं पोस्टर माझ्या पलंगाजवळ लावलेलं होतं. एक दिवस बातमी आली, की त्याने पैसे घेऊन सामन्यात लबाडी केली. मी रडत रडत पोस्टर काढलं. आजी रागावली नाही. ती म्हणाली, "बाळा, टाळ्या किती पडतात ते नको बघूस. तो कोणाचे पाय धुतो, ते बघ."

ही गोष्ट बायबलमधली आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी ते नोकराचं काम होतं. गुरूने ते स्वतः केलं आणि शिष्यांनाही तसंच वागायला सांगितलं.

आजीला पंडिता रमाबाईंबद्दल फार आदर होता. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईने त्यांना संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि मोठी बहीण वारली. नंतर इंग्लंडमध्ये असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तिथल्या गुरूंचं सगळं त्यांनी डोळे मिटून मान्य केलं नाही. त्या प्रश्न विचारत राहिल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य भारतात मोठा दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय, हे रमाबाईंना ठाऊक होतं. त्या स्वतः तिथे गेल्या. शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी या मुलींना घर दिलं, शिक्षण दिलं, हाताला काम दिलं. साध्या माणसांना वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. मराठी शिकताना कंटाळा आला, तर हे जरूर आठवा!

माझं मत सांगतो. खेळाडूचा खेळ आवडू द्या, गायकाचं गाणं आवडू द्या. पण ज्याच्यासारखं जगायचं, तो माणूस नीट पारखून निवडा. आपल्याजवळ आहे ते तो कोणासाठी वापरतो? कोणी बघत नसताना कसा वागतो? आपला धर्म कोणताही असो, हे प्रश्न सगळ्यांना विचारता येतात.

आणि आदर्श माणूसही चुकतो, बरं का. येशूचा शिष्य पेत्र घाबरून तीनदा म्हणाला, "मी त्याला ओळखत नाही." बायबलने हे लपवलं नाही. तो रडला, सावरला आणि पुन्हा कामाला लागला.

आता जरा आजूबाजूला बघा. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं? नवीन मुलाशेजारी कोण जाऊन बसतं? त्या माणसाबद्दल पाच वाक्यं मराठीत लिहून आणा. मी वाट बघतोय.