जयंतीचा केक घरच्या कुकरमध्ये

एप्रिल उजाडला की आमच्या करंजाडेच्या वस्तीत वर्गणी, निळे झेंडे आणि मिरवणुकीची चर्चा सुरू होते. अलीकडे त्यात एक प्रश्न हमखास असतो : यंदा केक किती किलोचा आणायचा? १३ तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या लागतात, केक कापला जातो, पोरं नाचतात. हा आनंद आमचाही आहे. पण गेल्या वर्षीची एक गोष्ट मनातून जात नाही.

शेजारच्या इमारतीतल्या एका आजींना बरीच वर्षं मधुमेह आहे. "बाबासाहेबांच्या नावाचा घास, नाही कसा म्हणू?" असं म्हणत त्यांनी केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले, वर सरबत घेतलं. धावपळीत रात्रीची गोळीही राहिली. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत त्यांना चक्कर आली. दवाखान्यात साखर निघाली ३४०. आजी सावरल्या, पण तो तुकडा त्यांच्या हातात आम्हीच दिला होता. आणि ज्यांची जयंती आपण साजरी करतो, त्या बाबासाहेबांनाही मधुमेहाने अनेक वर्षं छळलं, हे आपण सगळेच जाणतो.

काही जण म्हणतात, केक परदेशी, तो बंदच करा. आम्हाला हे पटत नाही. मग वडापावही सोडावा लागेल. कारण पाव पोर्तुगीजांनी आणला आणि बटाटा, मिरची मूळची अमेरिका खंडातली. आणि आपल्यासाठी खाण्याचा प्रश्न नुसता चवीचा कधीच नव्हता. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टं-शिळं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आपल्या ताटात काय पडावं हे आपण ठरवायचं, हा त्यातला स्वाभिमान. जगातला कुठलाही पदार्थ आपल्या लेकरांना परका नाही. पण पुढ्यात येईल ते डोळे मिटून खाणं हाही स्वाभिमान नव्हे.

विकतच्या स्वस्त केकवरचं पांढरंशुभ्र क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसतं. ते वनस्पती तेल गोठवून, साखर घालून फेटलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमच्यांत ठेवली तर उत्तम. चार कप गोड चहातच हा हिशेब संपतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. आपल्या वस्त्या त्यातून सुटलेल्या नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं : केक हवाच, पण घरचा. ओव्हन लागत नाही. एक वाटी नाचणीचं पीठ, एक वाटी गव्हाचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा एकत्र चाळा. दोन पिकलेली केळी कुस्करून त्यात अर्धी वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल आणि लागेल तसं वाटीभर दूध घाला. दोन्ही हलक्या हाताने एकत्र करून तेल लावलेल्या डब्यात ओता. जुन्या कुकरच्या तळाशी दोन वाट्या मीठ पसरून वर जाळी ठेवा. झाकणाची रिंग आणि शिट्टी आठवणीने काढा. पाणी अजिबात घालू नका. दहा मिनिटं कुकर तापवून डबा ठेवा आणि मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. सुरी कोरडी निघाली की केक झाला. याचे सोळा तुकडे केले तर एका तुकड्यात गूळ जेमतेम दीड चमचा येतो. मात्र गूळ म्हणजेही साखरच. मधुमेह असलेल्यांनी अर्ध्या तुकड्यावर थांबावं आणि त्या दिवशीची गोळी चुकवू नये.

मोमोचंही तसंच. पनवेलला गाडीवर मैद्याचे, तळलेले, मेयोनीजमध्ये बुडवलेले मोमो मुलं आवडीने खातात. मूळ तिबेट-नेपाळकडचा हा पदार्थ वाफवलेला. कणकेच्या पातळ पुरीत कोबी, गाजर, कांदा नाहीतर चिकनचा खिमा भरा आणि इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवा. सोबत टोमॅटो-लसणाची चटणी. तिबेटी थुक्पा म्हणजे भाज्यांच्या गरम रश्श्यातल्या शेवया. पावसाळ्यात आजारी माणसालाही चालतो. बौद्ध देशांची ओळख मुलांना नकाशाआधी ताटातून झाली, तर बिघडलं कुठे?

आणि हे सगळं घरातल्या बाईच्याच डोक्यावर टाकू नका. बाबासाहेबांना स्वतः स्वयंपाक करायची हौस होती. कणीक मळताना, कुकरवर लक्ष ठेवताना आपल्या पोरांना लाज वाटायचं कारण नाही.

कोसलचा राजा प्रसेनजित पोट फुटेस्तोवर जेवायचा. भगवान बुद्धांनी त्याचं जेवण बंद केलं नाही. मात्रा ओळखून खायला शिकवलं. त्या उपदेशाची आठवण जेवताना करून द्यायला राजाने एक तरुण नेमला, आणि हळूहळू त्याचा आहार आटोक्यात आला, शरीर हलकं झालं. आपल्या घरातही असं आठवण करून देणारं एक माणूस असावं.

यंदा १३ तारखेच्या रात्री आमच्या वस्तीत एकच मोठा केक येणार नाही. प्रत्येक इमारतीतून एक कुकरचा केक येईल, सोबत कलिंगडाच्या फोडी आणि उकडलेले चणे. आजींना पहिला तुकडा आम्हीच देऊ, लहानसा. तुमच्या वस्तीतही करून पाहा.