काट्याला काय कळतं?

आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्यांखालोखाल चर्चा होते ती वजनाची. चार महिन्यांपूर्वी गटातल्या अकरा जणींनी पहाटे चालायला सुरुवात केली. मोती तलावाकडे जायचे, परत यायचे आणि समाजमंदिराच्या ओट्यावर उठाबशा काढायच्या, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्यावर उचलायच्या, असा साधा कार्यक्रम. आज त्यांतल्या सहाच उरल्या आहेत. गळालेल्या पाचही जणींचे उत्तर एकच : "ताई, चार महिनं झालं, काटा काही हलंना."

त्यांतली एक तीन मजली इमारतीत धुणीभांडी करते. पूर्वी वर पोचेपर्यंत तिला दोनदा कठड्याला टेकावे लागे. आता ती हातात बादली घेऊन न थांबता चढते. रात्री पाय ठणकत नाहीत, झोप लागते. हे सगळे तीच सांगते आणि वर म्हणते, "पण फरक काहीच नाही." कारण रेशन दुकानातल्या काट्यावर चार महिन्यांत जेमतेम दीड किलो उतरले.

मैत्रिणींनो, मला हे वाक्य फार अस्वस्थ करते. दमछाक थांबली, झोप आली, हा फरक नव्हे? मग फरक कोणाला दिसायला हवा आहे?

खरी गोष्ट अशी की, पहाटे तासभर घराबाहेर पडण्याची मुभा या बायकांना मिळाली ती 'बारीक होण्यासाठी'. ताकद यावी म्हणून नाही, मोकळी हवा मिळावी म्हणून तर नाहीच. ज्या कारणासाठी मुभा दिली ते कारण पुरे झाले नाही की ती काढून घ्यायला घर मोकळे. "चार महिनं फिरून काय उजेड पाडला? कशाला जायलीस आता? चहा कोण करणार?" असे सासू किंवा नवरा म्हणतो, आणि बाईजवळ उत्तर नसते, कारण तिनेही आपले माप त्याच काट्यावर ठेवलेले असते. लग्नाआधी मुलीला पाहायला येणाऱ्यांची नजर आणि हा काटा यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. काटा मोजतो एकूण भार. त्यात हाडे, स्नायू, चरबी, पाणी, पोटातले अन्न सगळे आले. व्यायाम सुरू केल्यावर स्नायू पाणी धरून ठेवतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत किलो-दीड किलो वजन नुसत्या पाण्याने वाढू शकते. चरबी थोडी घटली आणि स्नायू थोडा वाढला तर काटा जागेवरच राहतो, पण चोळी सैल होते. शिवाय अर्धा तास झपाझप चालण्यात जी ऊर्जा खर्च होते ती साधारण एका भाकरीएवढी. केवळ चालण्याने वजन भराभर उतरेल, ही आशाच मुळात चुकीची दाखवली गेली आहे.

पण त्याच चालण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलायला शिकते, बसल्या जागची नाडी मंदावते, रक्तदाब काहीसा उतरतो, स्नायू रक्तातली साखर अधिक चांगली वापरू लागतात. वजन रतीभर न घटताही हे घडते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांना मधुमेहाचा धोका सारखाच, असे काटा म्हणेल. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसांनाही मधुमेह का होतो, याचा उलगडा याज्ञिकांच्या कामातून होत गेला. म्हणजे जी 'बारीक' म्हणून निश्चिंत आहे तिलाही चालायची गरज आहे, आणि जिचे वजन हलत नाही तिचे चालणे वाया गेलेले नाही.

आपल्याच जिल्ह्यात रोज पहाटे धावणाऱ्या आणखी काही मुली आहेत, त्यांच्याकडे पाहा. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी. त्यांना गुण मिळतात ते ८०० मीटर आणि १०० मीटर धावण्याचे आणि ४ किलोचा गोळा फेकण्याचे. मागच्या आठवड्यापेक्षा चार सेकंद कमी लागले तर ती पोर दिवसभर खुशीत असते. थंडीत, अंधारात ती पुन्हा उठते, कारण तिचे घड्याळ तिला खरे सांगते. २०१४ साली बारामतीच्या शर्यतीत साठी उलटलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून धावल्या. त्यांचे वजन किती, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

काही जणी म्हणतील, डॉक्टर तर वजन कमी करा म्हणतात. म्हणतात, आणि गुडघे झिजलेल्या किंवा साखर वाढलेल्या बाईसाठी ते बरोबरही असते. काटा फेकून द्या असे मी म्हणत नाही, महिन्यातून एकदा बघा. पण वजन उतरवायचे तर स्वयंपाकघरात शिरावे लागते, आणि तिथे बाईच्या हाती पळी असली तरी निर्णय तिचा असतोच असे नाही. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले संपवणारी तीच. उपवास सर्वांत जास्त तिचे, आणि उपवास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, तूप! काटा हलत नाही म्हणून या बायका पहिली गोष्ट सोडतात ती दूध, डाळ, अंडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. अशा बाईने काट्याच्या धाकाने ताटातले आणखी कमी करावे, हे मला व्यायाम सोडण्यापेक्षाही घातक वाटते.

"आम्ही दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?" हाही प्रश्न हमखास येतो. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो, टँकरच्या दिवसांत अशा किती उचलल्या याची गणती जालन्याच्या बाईने कधी ठेवली नाही. पण ते उचलणे पाण्याच्या वेळेला, वाकड्या कमरेने, दुसऱ्यांसाठी. श्वास आपल्या गतीने घ्यायचा, पाठ सरळ ठेवायची, दमल्यावर थांबायचे, हे त्यात नसते. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. त्या २९९ मधून ६० काढणे हेच या सगळ्यातले सर्वांत जड वजन आहे.

उरलेल्या सहा जणींनी आता बचतीच्या वहीतच मागच्या पानांवर वेगळी नोंद सुरू केली आहे. तलावापर्यंत पोचायला किती मिनिटे लागली, एका दमात किती उठाबशा, सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी, आणि कमरेला गुंडाळलेल्या दोऱ्याची गाठ कुठे आली. (बायकांची कमर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे आपल्याकडचे डॉक्टर सांगतात.) रक्तदाब महिन्यातून एकदा आरोग्य उपकेंद्रात. लिहिता न येणारी एकजण उठाबशांसाठी काड्या काढते. मार्चमध्ये सात काड्या होत्या, आता बावीस आहेत. ती घरी कोणी विचारले तर वहीच पुढे करते.

गळालेल्या पाचांपैकी दोघी मागच्या सोमवारी परत आल्या. जिने मजले चढून दाखवले ती अजून आलेली नाही. तिच्याकडे पाणी पहाटेच येते आणि ते भरायला दुसरे कोणी उठत नाही. गटाने ठरवले आहे की तिच्यासाठी आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी चालायचे. परत आलेल्या दोघींच्या घरी सकाळचा चहा आता नवरा करतो. एकीची तक्रार आहे की तो साखर फार घालतो.