रात्री अकराला पोळ्या मागणाऱ्यांस

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं, आणि बेंगळुरूचं अख्खं व्हाइटफील्ड खवळलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन नव्वद तासांवर गेले, वर रविवारी घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार असंही विचारून मोकळे झाले. मग तर सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये दुसरा विषयच नव्हता. माणसं तावातावानं बोलत होती, आणि बोलून बोलून भूक लागली की फोन काढून ऑर्डर देत होती. त्यातल्या बऱ्याच ऑर्डरी माझ्याकडे येत होत्या. रविवारी, रात्री.

होप फार्म चौकापासून आत एका गल्लीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेपाचला गॅस पेटतो, रात्री साडेदहाला ओटा धुऊन होतो. सोमवारपासून मोजलं तर मूर्तींचे सत्तर तास माझे शुक्रवारी नाश्त्याच्या वेळेला भरतात, आणि सुब्रह्मण्यन यांचे नव्वद शनिवारी सकाळी साडेदहाला. तिथून पुढचा शनिवार आणि पूर्ण रविवार मी देशाला वरकड देते. जून २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं ओव्हरटाइम धरून दिवसाला बारा तासांचा प्रस्ताव पुढे केला तेव्हा आयटीतल्या संघटना रस्त्यावर आल्या, बरोबरच केलं त्यांनी. पण त्या गदारोळात एक गोष्ट लक्षात आली. नोकरदाराचे तास मोजायला कायदा आहे, खातं आहे, संघटना आहे. माझे तास कुठल्याच रजिस्टरात नाहीत. कायद्याच्या लेखी मी मालक, आणि मालक दमत नाही.

आमच्या घरात दोन्ही नमुने नांदतात. नवरा कंपनीत. त्याला शनिवार-रविवार, सणाच्या सुट्ट्या, आजारपणाची रजा. त्याला ताप आला तर तो एक ईमेल टाकतो. मला ताप आला तर मी ‘आज बंद’ची पाटी लावते, त्या दिवसाचं उत्पन्न शून्य आणि भाडं मात्र चालू. तरी उपदेश मलाच. वेळेचं नियोजन कर, कामं वाटून दे, फोन बाजूला ठेव, स्वतःसाठी वेळ काढ.

कामं कुणाला वाटू? माझ्याकडे दोन बायका आहेत, दोघी बीदर जिल्ह्यातल्या भालकीकडच्या. एक लाटते, एक भाजते. दिवाळीला दोघी गावी गेल्या की लाटणारी मी, भाजणारी मी आणि डब्यावर स्टिकर चिकटवणारीही मी. मार्च २०२४ च्या पाणीटंचाईत सरकारनं टँकरचे दर बांधून दिले. टँकर कधी येणार ते बांधून दिलं नाही, म्हणून त्याच्यासाठी रात्री जागायचं कामही मालकिणीचंच. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि बेंगळुरूभर क्यूआर कोड उतरवून ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. त्या आठवड्यात दुकान वाढवल्यावर मी चार वर्षांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसत होते. दूध विकणाऱ्यानं, भाजी विकणाऱ्यानं सुद्धा आपण चोर नाही हे रात्री जागून सिद्ध करायचं. नंतर मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून जुनी वसुली होणार नाही असं सांगितलं. गेलेल्या झोपेची वसुली कुणाकडून करायची, ते काही सांगितलं नाही.

आता क्लबहाउसमधल्या एका व्याख्यानाची गोष्ट. जवळच्या एका मोठ्या सोसायटीत ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ हाच विषय होता. साबुदाणा वडे माझे, म्हणून मी मागच्या दाराशी डब्यांच्या चळतीपाशी उभी. पाहुण्या बाई नीटनेटक्या, आवाज लोण्यासारखा. पडद्यावर तराजू. म्हणाल्या, छोट्या उद्योजकांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. संयोजकांनी लगेच माझ्याकडे हात करून सांगितलं की या आमच्या ताई, उद्योजिका. टाळ्या पडल्या. मी हातातला चटणीचा डबा कुठे ठेवावा ते न कळून तसाच धरून उभी राहिले. रात्री पावणेअकराला त्याच संयोजकांचा मेसेज आला: ‘ताई, वडे अप्रतिम! उद्या पहाटे नंदी हिल्सला निघतोय. चारपर्यंत पंचवीस मेथी पराठे होतील ना? नाही म्हणू नका हं.’ पुढे हात जोडलेली दोन चित्रं.

पराठे दिले. कारण त्या संयोजकांच्या मागे सोसायटीचे शेकडो फ्लॅट आहेत, आणि माझ्या ‘नाही’ला दुसऱ्या कुणाचं तरी ‘हो’ दहा पावलांवर टपून बसलेलं आहे. हेच कुठलाही समतोलवाला सांगत नाही. रविवारी बंद ठेवून मी पाहिलंय. रविवार गेला तो गेलाच, वर सोमवार-मंगळवारच्या ऑर्डरीही आटल्या, कारण गिऱ्हाइकानं रविवारी दुसरीकडची चव घेतली आणि अॅपवर माझं नाव कुठल्या कुठे खाली गेलं. माझं शटर माझ्या हातात आहे हा निव्वळ भ्रम. ते समोरच्याच्या हातात आहे. तो उघडा, तर मी उघडी.

आपल्या लोकांना हे एकेकाळी नीट कळत होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. त्यांनी कामगारांना श्वासाचे व्यायाम शिकवले नाहीत. सुट्टी मिळाली ती एखाद्या शहाण्या गिरणीला नाही, सगळ्या गिरण्यांना एकदम, म्हणून टिकली. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमानं दुकानाला आठवड्यातून एक दिवस टाळं लावायला लावलं. कायदा केला नोकरांसाठी, पण गल्ल्यावर बसलेल्या मालकालाही त्यात फुकटात एक दिवस मिळून गेला. दादरची दुकानं सोमवारी बंद, तर सगळीच बंद. शेजारी उघडा नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक पळायची भीती कुणाला?

जुलै २०१७ मध्ये पुण्यात चितळे बंधूंनी एक ते चारची दुपारची विश्रांती मोडली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं विनोद केले आणि आनंदही केला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एवढं मोठं नाव, माणसं पाळीनं ठेवायची ऐपत. त्यांना दुपार उघडी ठेवणं परवडलं. पण त्या ‘१ ते ४ बंद’च्या जोरावर ज्या शंभर दुकानांतल्या एकट्या मालकिणी दुपारी घरी जाऊन पाठ टेकत होत्या, त्यांच्या पाटीची चेष्टा आता कोण ऐकून घेणार? त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्रात नवा कायदा लागू झाला. दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवायची मुभा, कामगाराला मात्र आठवड्याची सुट्टी द्यायचीच. कामगाराची सुट्टी राखली हे चांगलंच. जी दुकानं मालकाच्याच दोन हातांवर चालतात त्यांचं काय, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. कर्नाटकानं जानेवारी २०२१ मध्ये दहा किंवा अधिक माणसं ठेवणाऱ्यांना चोवीस तास, रोज उघडं ठेवायला परवानगी दिली. याला म्हणतात व्यवसायसुलभता. ज्याच्याकडे तीन पाळ्यांची माणसं आहेत त्याला सुलभ, आणि ज्याच्याकडे तीन माणसं आहेत त्यानं त्याच्याशी धावायचं.

एकच जमात अजून शुद्धीवर आहे, न्हाव्यांची. आपल्याकडे महाराष्ट्रात त्यांचा सोमवार, इथे कर्नाटकात मंगळवार. आमच्या गल्लीतला सलूनवाला कुठला कोर्स करून आलेला नाही. मंगळवारी त्याचं शटर खाली असतं, कारण सगळ्या न्हाव्यांचं खाली असतं. तो त्या दिवशी मुलाला शाळेतून आणतो, दुपारी झोपतो आणि बुधवारी गिऱ्हाईक त्याच्याकडेच येतं. आता मॉलमधली वातानुकूलित सलून मंगळवारीही उघडी असतात आणि त्याच्याही कपाळावर आठ्या दिसू लागल्यात, तो भाग वेगळा.

कुणी म्हणेल, धंदा करायला सांगितला होता कुणी? कुणीच नाही. मुलगी झाल्यावर नोकरीत परत घेताना जे दोन वर्षांचं अंतर दाखवून पगार पाडत होते, त्यांनीही सांगितलं नव्हतं. मी हौसेनं केला आणि आवडीनं करते. पण आवडीचं काम आहे म्हणून माणसाला झोप लागत नाही असं कुठे आहे? गिऱ्हाइकांवरही माझा राग नाही, मी त्यांच्याच जिवावर जगते. राग आहे तो त्यांच्या दुटप्पीपणावर. आपल्या मॅनेजरनं रात्री नऊला फोन केला तर हे लोक त्याला विषारी संस्कृती म्हणतात. स्वतः अकराला पोळ्या मागवून दहा मिनिटं उशीर झाला तर एक तारा देतात.

म्हणून माझी मागणी उपदेशाची नाही, टाळ्याची आहे. औषधाची दुकानं आणि दवाखाने सोडून आठवड्यातला एक दिवस सगळ्यांनी बंद, रोज रात्री एका ठरल्या वेळी सगळ्यांनी बंद, आणि ‘सगळे’ यात दहा मिनिटांत धणे-जिरे पोचवणारी ती काचा रंगवलेली गोदामंही आली. अॅपवाल्यांनाही तेच. धंदा बुडेल म्हणणाऱ्यांनी सांगावं, रविवारी पोळी मिळाली नाही तर माणूस उपाशी राहतो की घरात कणीक मळतो?

गल्लीत मी हे मांडलं. इस्त्रीवाला लगेच तयार झाला, त्याची कंबर गेली आहे. झेरॉक्सवाला म्हणाला, परीक्षेचे दिवस सोडून चालेल. सलूनवाला मिशीत हसला. अय्यंगार बेकरीवाले हासनकडचे, बोलायला मऊ, हिशोबाला पक्के. त्यांनी खारी बिस्किटांचा ट्रे आत सारला आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथल्या गोदामातून पिशव्या भरून स्कूटर सुटत होत्या, रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. ‘मोदलु अवर्दु मुच्चिसि, अक्का,’ ते म्हणाले, आधी त्यांचं बंद करून दाखवा. मग गल्ल्याखालून वही काढून उद्याच्या पावांची ऑर्डर लिहायला लागले.