दिवा लागलाच नाही!

शनिवारी आई-बाबांना घेऊन एक्स्प्रेसवेला लागणार, तोच पंपावरचा हवावाला म्हणाला, ‘‘साहेब, चारही टायरांत हवा कमी आहे.’’ ३२ ऐवजी २४! आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा? ढिम्म. म्हटलं, सिस्टीम बिघडली. छे! माझ्या गाडीत टायरमध्ये सेन्सर नाहीच, बॉस. एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग मोजतात. हवा गेलेलं चाक किंचित लहान होतं, इतरांपेक्षा जास्त फिरतं, मग दिवा लागतो. चारही सारखीच बसली तर बिचारा तुलना कोणाशी करणार? त्यात महिन्यापूर्वी हवा न तपासताच मी रीसेट दाबलेलं. तीच कमी हवा त्याला नॉर्मल! व्हॉल्व्हपाशी सेन्सर असलेल्या गाड्या हे पकडतात. पण त्यांच्याही सेन्सरची बॅटरी काही वर्षांनी संपतेच. हवावाल्याने स्टेपनीही काढायला लावली. तिच्यात होती १४.