यंत्राची जप्ती

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील सिरुसेरीच्या संगणक-उद्यानात आपली मराठी मुलेही चाकरी करतात. त्यांपैकी एखादा रात्री खोलीत बसून व्हिडिओ गेम खेळतो, तो खेळ यूट्यूबवर जगास थेट दाखवितो आणि जाहिरातींतून चार पैसे मिळवितो, असे समजा. हा कसला उद्योग, असे आमच्या वाचकांतील वडीलधारे विचारतील. तो वाद आज आम्हांस घालावयाचा नाही. पैसा प्रामाणिक आहे एवढे पुरे.

आता त्या खेळातल्या मोटारीत रेडिओ लागतो आणि वीस सेकंद एक गाणे वाजते. यूट्यूबचे 2007 पासून चालत आलेले ‘कंटेंट आयडी’ नावाचे यंत्र ते ओळखते व त्या चित्रफितीची मिळकत गाण्याच्या मालकाकडे वळवू शकते. तीन तासांची मेहनत एकाची, वीस सेकंदांचे गाणे दुसऱ्याचे, आणि पैसा दुसऱ्याचा! गाणे खेळाडूने निवडलेले नसते. ते विकत घेतलेल्या खेळातच असते. ‘सायबरपंक 2077’ या 2020 च्या खेळात अशी गाणी बंद करण्याची कळ मुद्दाम ठेवावी लागली, यातच सर्व आले.

आमचे बहुतेक वाचक सरकारी अधिकारी आहेत. एखाद्या लेखनिकाची वेतनवाढ रोखावयाची तरी ‘कारणे दाखवा’ नोटीस द्यावी लागते, हे त्यांस आम्ही काय सांगावे? येथे जप्ती आधी आणि म्हणणे मागाहून. हरकत घ्यावी तर तिचा पहिला निकाल देतो खुद्द दावेदार, आणि त्यासही 30 दिवसांची मुदत! पुढे अपील करावे तर दावेदार चित्रफीतच काढावयास लावू शकतो. अशा तीन ठपक्यांनी 90 दिवसांत सारी वाहिनीच बंद पडते. वादीच न्यायाधीश असलेल्या या दरबारात गरीब खेळाडू मुकाट्याने पैसे सोडतो, यात नवल ते काय?

कोणी म्हणेल, संगीतकाराने उपाशी मरावे काय? मुळीच नाही. 2017 साली इळैयाराजांनी आपली गाणी जलशांत गाण्याबद्दल एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांस नोटीस धाडली, तेव्हा चेन्नईत केवढी खळबळ उडाली! तरीही संगीतकारास हक्क मागण्याचा अधिकार आहे, असेच आमचे मत आहे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांस मानधनात जो समान वाटा दिला, तो योग्यच होता. परंतु वाटा म्हणजे सर्वस्व नव्हे.

शिवाय यंत्रास कायदा कळत नाही. ‘मानापमान’ 1911 चे. खाडिलकर 1948 साली वारले, गोविंदराव टेंबे 1955 साली. मृत्यूनंतरची साठ वर्षे उलटली, म्हणजे ती पदे व चाली भारतात सर्वांच्या झाल्या. पण आज कोणी ती स्वतः पेटीवर वाजविली, आणि एखाद्या कंपनीच्या नव्या ध्वनिमुद्रिकेशी सूर जुळला, तर यंत्र दावा ठोकू शकते.

आपला 1957 चा कायदा याहून शहाणा आहे. दुवा पुरविणाऱ्या मध्यस्थाकडे तक्रार आली तर 36 तासांत मजकूर अडवावा, पण तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर! हाच न्याय पैशालाही लावावा. दावा येताच रक्कम त्रयस्थाकडे ठेवावी, 21 दिवसांत हुकूम न आल्यास ती खेळाडूस परत करावी, आणि हुकूम आलाच तर गाणे जितकी सेकंदे वाजले तितक्याच प्रमाणात द्यावी. दिल्लीत ज्यांच्या टेबलावर अशा नियमांचे मसुदे येतात, त्यांपैकी काही हे मासिक वाचतात, असे आम्ही ऐकतो.