परवान्याचे 110 रुपये

2018 च्या जूनमध्ये बंगळुरू महापालिकेने पाळीव कुत्र्यांसाठी नवी नियमावली आणली. फ्लॅटमध्ये एकच कुत्रा, स्वतंत्र घरात तीन, नियम मोडला तर हजार रुपये दंड आणि परवान्याची फी 110 रुपये. आमच्या सोसायटीत तेव्हा दुसरा विषय नव्हता. सगळं भांडण कुत्र्यांच्या संख्येवर आणि फ्लॅटमध्ये चालणाऱ्या जातींच्या यादीवर पेटलं, विरोध वाढला आणि नियम बारगळले. फीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

आता सप्टेंबर 2025 पासून शहराच्या पाच महापालिका झाल्या आहेत. म्हणून तो प्रश्न पुन्हा काढते आहे.

जुलै 2025 मध्ये जुन्या महापालिकेने रस्त्यावरच्या सुमारे 5,000 कुत्र्यांना चिकन-भात घालण्यासाठी 2.88 कोटींची निविदा काढली. एका कुत्र्याचा दिवसाचा खर्च साधारण 22 रुपये. म्हणजे 2018 ची वर्षाची फी पाच दिवसांच्या जेवणाएवढी. त्या जेवणाला माझा विरोध नाही. माणसांना सरावलेलं कुत्रं लस टोचायला सहज हाती लागतं. पण पाळणाऱ्याकडून एवढंसं घ्यायचं आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा सगळा भार करदात्यांवर टाकायचा, हे मला पटत नाही.

कारण ही दोन जगं वेगळी नाहीत. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लॅब्राडोर सापडली. मानेभोवती पट्ट्याने केस झिजलेले, आचळं लोंबलेली. पिल्लं काढून घेऊन तिला सोडून दिलं होतं हे उघड दिसत होतं. डॉक्टरांनी खांद्यांच्या मधोमध स्कॅनर फिरवला, मग मानेवरून, मग पुन्हा पाठीवरून. चिप नव्हती. मालक कोण, हे विचारायला जागाच उरली नाही.

रस्त्यावर काम झालेलं आहे. 2019 च्या गणनेत 3.10 लाख मोकाट कुत्री होती, 2023 मध्ये 2.79 लाख, आणि त्यातल्या जवळपास 72 टक्क्यांचं निर्बीजीकरण झालेलं. घराघरांतून रस्त्यावर नवी कुत्री येत राहिली, तर इतक्या वर्षांची ही मेहनत पुरी कशी पडेल?

म्हणून फी सरसकट नको. ज्याचं निर्बीजीकरण आणि लसीकरण झालंय त्या कुत्र्याला नाममात्र, ज्याचं झालेलं नाही त्याला कित्येक पट, आणि पिल्लं विकणाऱ्याला त्याहून जास्त. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात असाच फरक ठेवलाय आणि फीचे पैसे प्राण्यांच्या विभागासाठी वापरले जातात. उलट ब्रिटनमध्ये परवाना 37 पेन्सवर अडकून राहिला, वसुलीचा खर्च उत्पन्नाच्या वर गेला आणि 1987 मध्ये तो रद्दच करावा लागला.

एक धोका मात्र मला सतावतो. वस्तीत पत्र्याच्या घराबाहेर बांधलेल्या कुत्र्याचे पाचशे रुपये मागितले, तर अधिकारी दिसताच दोरी सुटेल आणि 'आमचं नाही हो ते' असं उत्तर मिळेल. तिथे फी शून्य हवी आणि लस दारात जाऊन द्यायला हवी. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेणाऱ्यालाही फी माफ करावी. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, तेव्हा नोंदीतून सुटलेलं प्रत्येक कुत्रं आपल्याला महागात पडू शकतं.

पाचही महापालिकांनी दर एकच ठेवावेत. नाहीतर लोक स्वस्त हद्दीतला पत्ता देतील. नोंदवही एकच असावी, चिप परवान्यासोबतच बसवावी आणि फीचा पैसा वेगळ्या खात्यात जमा होऊन निर्बीजीकरण आणि लसीवरच खर्च व्हावा. त्या खात्याचा हिशेब दरवर्षी वॉर्ड कार्यालयाबाहेर लागणार असेल, तर मी 110 च्या जागी हजार रुपये आनंदाने भरेन.