पाटी पाडली, प्रश्न उभाच आहे!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

बेळगाव शहराच्या दक्षिणेला, राजहंसगडाजवळ येळ्ळूर म्हणून गाव आहे. भाताची शिवारं आणि घरोघर मराठी बोलणारी माणसं. सरकारी नकाशात त्याचं नाव नुसतं येळ्ळूर. पण गावानं आपल्या वेशीवर जी पक्की पाटी बांधून ठेवली होती, तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’. असलं नाव दुसऱ्या कुठल्या गावाचं ऐकलंय काय तुम्ही? गाव कर्नाटकात आणि नावात महाराष्ट्र!

हे हसण्यावारी नेऊ नका. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ही पाटी. गावाला न विचारता गाव दुसऱ्याच्या ताटात वाढलं, तेव्हा गावानं आपलं म्हणणं वेशीवर लिहून ठेवलं. कुणाचं घर जाळलं नाही, कुणाचं डोकं फोडलं नाही. चार शब्द लिहिले, एवढाच काय तो गुन्हा!

त्या चार शब्दांची सरकारला केवढी धास्ती! कोर्टाच्या हुकमाचा आधार घेऊन २५ जुलै २०१४ रोजी पोलीस बंदोबस्तात ती पाटी पाडली. गावकऱ्यांनी लगेच पुन्हा उभी केली. २७ जुलैला पोलिसांचा ताफा परत गावात शिरला, पाटी दुसऱ्यांदा पाडली आणि लाठीमार केला. घरात घुसून बायामाणसांना मारलं, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. वर खटलेही गावकऱ्यांवरच! कोर्टाच्या तारखांना वर्षानुवर्षं खेटे घातले, ते शेतात राबणाऱ्या माणसांनी.

आता कुणी शहाणा म्हणेल, “अरे, पाटीवरच्या नावात काय आहे? पोटापाण्याचं बोला.” त्या शहाण्याला गिरणीच्या गेटवर आणा! नावात काय आहे ते आपल्याला विचारा. मस्टरवर नाव असलं तर हजेरी, हजेरी लागली तर पगार. नाव नसलं की तुम्ही बदलीवाले. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, मुकादमानं बोलावलं तर आत, नाही तर घरी. पाच वर्षं काम केलं तरी कायम नाही. आपण कायम होण्यासाठी लढतो ते कशासाठी? मस्टरवर नाव यावं, हक्कानं यावं, यासाठीच ना? येळ्ळूरची माणसं तेच मागतात. १९५६ पासून सीमाभागातल्या मराठी माणसाला देशानं बदलीवर ठेवलंय. धड हे राज्य त्याचं नाही, धड ते नाही.

हे झालं कसं ते ध्यानात घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. बेळगाव जिल्हा तोवर मुंबई राज्यात होता. त्यातला एक चंदगड तालुका तेवढा इकडं ठेवला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्याच्या पदरात टाकला. चंदगडचा शेतकरी जी मराठी बोलतो तीच येळ्ळूरचा बोलतो. त्यांच्यात सोयरीक आहे, बाजारहाट आहे. मग एकाला महाराष्ट्र आणि दुसऱ्याला म्हैसूर, हा कुठला न्याय? त्याच साली १७ जानेवारीला बेळगावात या मागणीसाठी माणसं गोळ्या खाऊन पडली. मुंबईत गिरणगावातली माणसं पडली ती त्याच मागणीसाठी. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. बेळगाव, निपाणी, कारवार, बीदर, भालकी मात्र बाहेर राहिली. अर्धी मागणी मान्य करून संप फोडावा, तसा हा प्रकार!

न्यायाची कसोटी नव्हती असंही नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा तंटा पाटसकरांनी सोडवला. खेडं हा घटक धरला, तिथली बहुसंख्य भाषा पाहिली, हद्द लागून आहे की नाही ते पाहिलं. त्याप्रमाणे १९६० साली गावं इकडची तिकडं झाली आणि आभाळ काही कोसळलं नाही. तीच कसोटी आम्हाला लावा, एवढंच महाराष्ट्रानं मागितलं. १९६६ साली म्हाताऱ्या सेनापती बापटांनी उपोषणाला बसावं तेव्हा महाजन आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याचा अहवाल आला आणि त्यानं बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही.

आणि नावाला किंमत नाही म्हणता? मग सरकारं स्वतः काय करतात ते बघा. म्हैसूर राज्यानं १९७३ साली आपलं नाव बदलून कर्नाटक घेतलं. त्यांची भाषा, त्यांची अस्मिता, आनंद आहे! येळ्ळूरची पाटी पाडल्यावर चार महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर २०१४ ला, बेळगावचं बेळगावी केलं. म्हणजे सरकारनं नाव लिहिलं तर अभिमान आणि गावानं लिहिलं तर गुन्हा!

ढोंग इथंच संपत नाही. राजहंसगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. मार्च २०२३, निवडणूक तोंडावर आलेली. एका पक्षाच्या मुख्यमंत्र्यानं अनावरण केलं, चार दिवसांच्या आत दुसऱ्या पक्षानं पुन्हा केलं. मराठी मतं हवीत म्हणून महाराजांचं अनावरण दोनदा! आणि त्याच गडाखालच्या शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा उतारा मराठीत मागितला, तर कचेरीत तोंडं फिरतात. मत मराठीत चालतं, अर्ज मराठीत चालत नाही!

कुणी म्हणेल, “कोर्टाचा हुकूम होता, कायदा पाळायला नको?” जरूर पाळा. पण सगळा पाळा! घटनेचं ३५० अ कलम सांगतं की अल्पभाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा. जिथं पंधरा-वीस टक्के लोक दुसऱ्या भाषेचे आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढा, हे १९५६ पासून ठरलेलं आहे. पाटी पाडायला बंदोबस्त मिळतो, तर मराठी कागद द्यायला एक कारकून का मिळत नाही?

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे. “कानडी कामगार आपला भाऊ नव्हे काय?” आहे, शंभरदा आहे. सोलापूरला आणि इचलकरंजीला मराठी, कानडी, तेलुगू माणसं शेजारी शेजारी मागावर उभी राहतात. सूत तुटलं तर ते कुठल्या भाषेत तुटलं हे कुणी विचारत नाही. आपलं भांडण कानडी भाषेशी नाही, कानडी शेतकऱ्याशी तर नाहीच नाही. त्याच्या गाडीवर दगड मारणारा आपल्या लढ्याचा वैरी समजा. ज्याला आपली भाषा प्यारी, त्याला दुसऱ्याची का प्यारी असते हे कळलं पाहिजे. महाराष्ट्रात राहणाऱ्या कानडी मुलाला त्याच्या भाषेची शाळा मिळालीच पाहिजे. तेच माप येळ्ळूरला लावा, एवढंच म्हणणं आहे.

आता आपल्या घरच्या पुढाऱ्यांना दोन शब्द. २००४ साली महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. दावा लावला, बरं केलं. पण तारखेमागून तारीख चाललीय. २७ डिसेंबर २०२२ ला विधानसभेत ८६५ गावांसाठी एकमतानं ठराव केला. त्याआधी पाच दिवस कर्नाटकानंही आपला ठराव करून घेतला होता. ठरावाला ठराव, भाषणाला भाषण! मंत्रीमहाशयांनो, गिरणीचा मालक मागण्यांच्या कागदावर “विचार करू” असा शेरा मारतो, तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला चांगला कळतो. तुमचाही कळतो. १ मे आला की हुतात्मा चौकात फुलं वाहता. त्या हुतात्म्यांनी मागितलेला महाराष्ट्र पुरा झाला काय, याचा जबाब त्या फुलांबरोबर आणा!

कामगार बंधूंनो, आपल्या मागण्या सरळ आहेत. सुप्रीम कोर्टातला दावा जोरानं चालवा. खेडं घटक धरून, लोकांची भाषा पाहून सीमा ठरवा. निकाल लागेतो सीमाभागात शाळा, कचेरी आणि उतारा मराठीतही द्या. पाटीपायी गावकऱ्यांवर घातलेला एकही खटला शिल्लक ठेवू नका.

प्रत्येक खात्यात हे पत्रक वाचून दाखवा. युनियनच्या सभेत ठराव मांडा. सीमाभागातला कामगार तुमच्या पाळीत असेल तर त्याला पहिल्यांदा बोलू द्या. पाटी विटा-सिमेंटची होती, म्हणून पडली. येळ्ळूरच्या माणसाला तुझं गाव कुठलं म्हणून विचारलं, तर तो जे सांगतो ते पाडायला अजून यंत्र निघालेलं नाही.

बेळगाव, निपाणी, कारवार, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!